मुरारीचा डबा

मोहाडीच्या आमच्या सिनेमा शाळेत लेट फी पैशात नव्हती, कारण पैसे कोणाकडेच नव्हते. सामान एक दिवस उशिरा आणलं तर शाळेच्या बांधीत एक दिवस काम. बांधी म्हणजे धानाचं वावर. त्या धानावर फिल्मची रिळं यायची. तीन वर्षांत एकाही विद्यार्थ्याचा सिनेमा पुरा झाला नाही, पण इतकी स्वच्छ निंदलेली बांधी अख्ख्या तालुक्यात नव्हती.

लेट फी सांभाळणं माझ्याकडे. मी कॅमेऱ्याचा स्टँड मोडला, म्हणून हे पद मिळालं. प्रत्येकाच्या नावाचा एक रिकामा रिळाचा डबा होता. सामान परत आलं नाही की सकाळी एक चिंचोका आत, काम केलं की संध्याकाळी एक बाहेर.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात मुरारीनं चावीचा कॅमेरा नेला. वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या आपल्या लोकांचा सिनेमा त्याला काढायचा होता. पूर आला. त्याचा डोंगा नदीत पालथा सापडला. मुरारी नाही, कॅमेरा नाही.

मी चिंचोके टाकत राहिलो. थांबायचा नियम कोणी केलेलाच नव्हता.

पंधरवड्यानं शाळेचे संस्थापक भय्याजी यांनी सभा बोलावली. "मुरारीचा डबा खाली करा. गेलेल्या मानसावर कायची लेट फी?"

मागून त्याची आई रेवताबाई उठली. "गेला कोन म्हनते? तुमचा डबा त उशीर झाला म्हनून सांगून राहिला."

"बाई, तो डबा आहे."

"मंग त्याले खाली नोका करू. काम मी करतो."

भय्याजींनी माझ्याकडे पाहिलं. "घरच्यानं काम केलं तर चालते," मी म्हणालो.

ती येऊ लागली. सकाळी मी एक चिंचोका टाकायचो, संध्याकाळी एक काढायचो. निंदण झालं, कापणी झाली, बैलांखाली धान चुरणं झालं. डबा जसाच्या तसा. जायच्या आधी ती तो कानाशी धरून हलवायची.

"काहून बापा, आज हलका लागते?"

"नाही मावशी, तेवढेच आहेत."

"मोजून पाह्य."

मी मोजायचो. लेट फी कमी झाली की काय म्हणून घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

माघात पाणी उतरलं आणि मुरारीचा काका तुलाराम याच्या जाळ्यात कॅमेरा आला. आत चिखल, पट्टा शाबूत. त्यानं तो माझ्या हातात ठेवला. "तुमचं सामान. मले तिले सांगनं होत नाही." आणि निघून गेला.

रेवताबाई बांधीत धानामागून पेरलेली लाखोळी कापत होती. मी कॅमेरा पुढे धरला. तिनं पदरानं चिखल पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

"सामान आलं," ती म्हणाली. "आता डबा खाली करान तुमी."

मी कॅमेरा फिरवून नीट तपासला. "नाही मावशी. हा जमा होत नाही."

"काहून?"

"काचेवरचं झाकण नाही. सामान पुरं असल्याशिवाय जमा नाही, असा नियम आहे. उशीर चालूच."

नियम होता. मी तो नुकताच केला होता.

ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली. विळा खाली ठेवला, लुगड्याची गाठ सोडली. गाठीतून काळं झाकण निघालं.

"डोंग्यात बसता बसता मले देल्लन त्यानं. म्हने, सांभाळ माय, पान्यात पडन."

तिनं ते काचेवर दाबलं. बरोबर बसलं.

"आता पुरं हाये ना?"

मला दुसरा नियम सुचला नाही.

"हो," मी म्हणालो. "डबा खाली करतो. राहिलेले माफ."

"माफ कायले? माह्या पोराचं हाये थे. हायेत तितके दिवस येतो." विळा उचलून ती पुन्हा वाकली.

दुसऱ्या सकाळी मी डब्यात काही टाकलं नाही. संध्याकाळी एक चिंचोका काढला आणि डबा तिच्याकडे दिला. तिनं तो कानाशी नेला नाही.