चांगली अक्षरं पुसणारं फडकं

मी एक जुनं फडकं आहे, मित्रांनो. माझ्या अंगाला टर्पेंटाइनचा वास मारतो, तेव्हा जरा लांबूनच ऐका.

पूर्वी मी शर्ट होतो. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरसाठी त्याच्या नव्या नवरीने मला शिवलं. कॉलरचं एक टोक जरासं मोठं झालं. तो हसून म्हणाला, "असू दे गं, मान तरी कुठे सरळ आहे माझी!" आठ वर्षं मी त्याच्या छातीशी होतो. काळजाचे संथ ठोके मला पाठ होते.

मग कुणीतरी म्हणालं, "याच्या हातून चूक होतच नाही." झालं! तेवढ्या कौतुकाने माणूस नासला. एके सकाळी आरशात त्याला माझी कॉलर खुपली. "हे काय ध्यान!" म्हणत त्याने मला टराटरा फाडलं आणि कॉलरवाला तुकडा फडकं म्हणून ठेवला.

तेव्हापासून माझं काम एकच, चांगली अक्षरं पुसायची. शी! किळस येते मला. तो रंगवतो, चार पावलं मागे जातो, एक डोळा मिटून बघतो आणि मला उचलतो. जेवण ताटात वाळतं. पोटात जळजळ, डोळ्याला डोळा नाही. बोटं थरथरतात, म्हणून रेघ हलते, म्हणून पुन्हा मी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधापेक्षा विश्रांती घ्या." या पठ्ठ्याने त्यांच्याच दारावरच्या पाटीतल्या चुका दाखवल्या.

मागच्या महिन्यात बायकोचं शिलाईचं दुकान उघडायचं होतं. वीस वर्षं घरात मशीन चालवून तिने ते उभं केलं होतं. दहा वाजायला आले, तरी पाटीचं शेवटचं अक्षर नऊदा पुसून झालं होतं.

"अहो, गिऱ्हाइकं येतील आता!"

"दांडी किंचित जाड वाटतेय गं. एकदाच पुसतो."

तिने त्याचा हात धरला आणि तिला मी दिसलो. "ही मी शिवलेली कॉलर ना?" तिचे डोळे भरले. "आता माझं दुकानही पुसणार का?"

ओली पाटी तिने स्वतः टांगली. पहिली बाई आत येत म्हणाली, "पाटी लांबूनच दिसली हो!" दांडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

हल्ली मी दुकानात खिळ्याला असतो. तो येतो, माझ्याकडे हात नेतो. "आधी जेवा," ती दटावते. तो बसतो, गरम गरम जेवतो.

मित्रांनो, मला धुऊ नका, शिवू नका. फक्त त्याच्या हातात परत देऊ नका.