पट्टीवरचे चार चौकोन

सौंदडजवळच्या दवाखान्यात मी नर्स, आणि समोर टेबलावर पडलेले माझे ताराचंद काकाजी. त्यांनीच मला लहानाचं मोठं केलं. धानाची रोवणी चालू असताना बांधीत, शेताच्या चिखलातच, त्यांना भोवळ आली होती. डॉक्टर मीटिंगला गोंदियाला गेलेले. माझं डोकं गरम आणि हात थंड.

ईसीजीची पट्टी निघाली. दोन ठोक्यांच्या उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन बसतात ते मोजायचं आणि तीनशेला तेवढ्याने भागायचं. चौकोन चार. म्हणजे मिनिटाला पंच्याहत्तर ठोके. माझा जीव भांड्यात पडला.

"काही नाही झालं, काकाजी. थकवा आहे. घरी जा, आराम करा."

काकीने मात्र त्यांचा हात सोडला नव्हता. "पोरी, नाडी लय धावून राहिली. हात लावून तं पाह्य."

"मशीनपेक्षा तुझ्या बोटाले जास्त समजते का?" मी खेकसले. घरच्यांपुढे माझं तोंड असंच सुटतं. तिला गप्प करावं म्हणून काकाजींचं मनगट धरलं. ठोके इतके भराभर, की मोजता येईनात.

पट्टी पुन्हा उचलली. कडेला कागदाचा वेग छापलेला असतो. नेहमी सेकंदाला पंचवीस मिलिमीटर, आज पन्नास. काल एका बाईचे धावते ठोके नीट दिसावेत म्हणून डॉक्टरांनी कागद दुप्पट वेगाने सोडला होता. बटण परत पंचवीसवर आणणं माझं काम, ते राहून गेलं. कागद दुप्पट पळाला, म्हणून दोनाचे चार चौकोन दिसले. ठोके दीडशे होते.

गोंदियाला न्यायला अँब्युलन्सला फोन करून वळते तर काकाजी चप्पल घालून दारात.

"आता तं पंच्याहत्तर म्हणत होतीस. मंग गोंदियाले काऊन जाऊ? अर्धी बांधी पडून आहे."

त्यांनी पाऊल बाहेर टाकलं. हा माणूस वाटेतच कोसळेल म्हणून मी मागे धावले. औषधाच्या रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते.

"गलती माही झाली, काकाजी. नाडी मी गलत मोजली."

ते थांबले. आमच्या घरात माझ्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी मला निरखून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मग मुकाट्याने येऊन बाकावर बसले.

"रुक्मा," ते काकीला हळूच म्हणाले, "आपल्या पोराले, राजदीपले, बोलावून घे. पोट्टी गलती कबूल करून राहिली. दुखनं मोठं आहे."