तपासणीची वेळ, अकरा चाळीस

"मुलं कुठायत?" दारातच थबकून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"शाळेत," ताई म्हणाल्या.

"सगळी?"

"साहेब, साडेअकरा वाजलेत. शाळा सुटल्यानंतरचा वर्ग आहे हा. बाहेर पाटीवरच लिहिलंय."

साहेबांनी पाटी वाचली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि चूक पाटीचीच असावी, अशा नजरेनं पुन्हा पाटीकडे पाहिलं.

मागच्या खेपेचे साहेब वेगळे होते, वेळ मात्र हीच. 'भेटीच्या वेळी एकही मूल आढळले नाही' असा शेरा मारून ते गेले आणि त्या एका ओळीवर वर्षभराचं अनुदान अडकून बसलं. फेरतपासणीसाठी ताईंनी ऑफिसात अकरा खेपा घातल्या. 'कृपया साडेचारनंतर यावे' हे अर्जात मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. तोवर इकडे खाऊचं केळं अर्धं झालं, अर्ध्याची दोन बिस्किटं झाली, आणि आता मुलांची गर्दी असायची ती फक्त पाण्याच्या पिंपाभोवती. घरमालकानं तर सांगूनच टाकलं होतं, महिनाअखेरीस पैसे नाहीतर खोलीची किल्ली.

"थांबा ना साडेचारपर्यंत," ताई म्हणाल्या. "चहा करते."

"पाचला परत ऑफिसात सही करायची असते हो. वेळेबाहेरच्या भेटीला वरून मंजुरी लागते."

"मग घ्या मंजुरी."

"सहा महिने जातात तिला." साहेब हे अगदी समदुःखी माणसासारखे बोलले.

"बंद थेटरात सकाळी जायचं आणि पिक्चर नाही म्हणून लिहून आणायचं!" कोपऱ्यात चटया झटकणाऱ्या मावशी भिंतीला ऐकवल्यासारखं बोलल्या. मुलांना खाऊ वाटणं, शेंबूड पुसणं, भांडणं सोडवणं, सगळं त्याच करत. सात महिने बिनपगारी.

साहेबांनी आवाज खाली आणला. "एक करा ताई. शाळा समोरच आहे ना? वीस-पंचवीस पोरं आणा बोलावून. दहा मिनिटं बसवा, फोटो काढतो. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

मावशींनी चटई टाकली आणि चपला पायात सरकवल्यासुद्धा.

ताईंची नजर भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे गेली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच रंगवला होता तो: 'ज्यानं शाळा बुडवली, त्याला आज वर्गात जागा नाही.' या नियमापायी त्यांनी रडणारी मुलं दारातून परत पाठवली होती. सतत प्रश्न विचारते म्हणून जिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणत, ती पोर धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहायची. चार महिने झाले, तिनं एकही दिवस चुकवला नव्हता. तिला आता तासावरून उठवून आणायचं?

"नको मावशी," त्या म्हणाल्या.

"नको काय? दहा मिनिटांचं काम!"

"भर तासातून नाही उठवायचं."

"तुमचं हे 'नको' मला परवडत नाही, ताई. घरी जाऊन काय सांगू? तुमचा नियम सांगू?"

मावशी फणकाऱ्यानं निघून गेल्या.

ताईंनी भेटीची वही साहेबांपुढे सरकवली. "लिहा. पण वेळही लिहा."

साहेबांनी पेन काढलं, जरा घुटमळले, लिहिलं आणि खाली लाल पेनानं रेघ मारली.

साडेचारला सगळी मुलं दप्तरांसकट थेट शाळेतून आली. टेबलावरची वही अर्थातच प्रश्नपत्रिकेच्या हाती लागली.

"'केंद्र स्वच्छ. एकही मूल आढळले नाही. वेळ, अकरा चाळीस.' ताई, आम्ही कुठे होतो?"

"शाळेत."

"घरी कुणीच नव्हतं?"

ताईंनी हजेरीवरून बोट फिरवलं. अडतीसच्या अडतीस. "कुणीच नाही."

"मग हे चांगलंय ना? खाली लाल रेघ का मारलीय?"

मागे पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला. मावशी केव्हा परतल्या ते कळलंच नव्हतं. ताईंकडे न बघता त्या बादली ओतत होत्या.

"वह्या काढा," ताई म्हणाल्या आणि फळ्यावर तारीख लिहिली. महिना संपायला सहा दिवस होते. अडतीस माना खाली वाकल्या, आणि सगळ्यांनी ती तारीख नीट उतरवून घेतली.