काठाची घरं

“पहिल्या नंबराची जोडी काठावर बसवलीस?” ताईने चष्मा कपाळावर सरकवला.

“मी नाही, कॉम्प्युटरने. यादीत पहिली, म्हणून पहिल्या घरात,” गणित्या म्हणाला.

प्रयोगशाळेत प्लेटच्या इवल्या घरांत वाढवलेल्या पेशींवर थेंब थेंब औषधं भरण्याचं काम ताई सव्वीस वर्षं करत होती. गणित्याचं काम संगणकावरचं. कर्करोगाच्या पेशीत कोण कुणाला काय निरोप धाडतं याचं त्याने जाळं विणलं होतं आणि त्या जाळ्याने औषधांच्या चाळीस जोड्या निवडून दिल्या होत्या. ताई आठवडाभर रजेवर गेली आणि या पठ्ठ्याने प्लेट स्वतःच भरली. प्रत्येक जोडी तीन घरांत तपासायची; पहिल्या जोडीची तिन्ही घरं तीन तऱ्हेची उत्तरं देऊन मोकळी झाली. सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम जाळ्याचं काम गुंडाळणार होत्या. तीन वर्षं पाण्यात जाणार, म्हणून गणित्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

“अरे शहाण्या, उबेच्या कपाटात काठाची घरं आधी सुकतात. तिथे मी नुसतं पाणी भरते.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू कधी विचारलंस?”

शुक्रवारीच ती नवी प्लेट घेऊन बसली. काठाला पाणी, जोडी मधोमध.

“एका औषधाने का नाही रे भागत?”

“एक रस्ता अडवला की पेशी बोळातून निसटते. दुसरं औषध तो बोळ बंद करतं.”

ताईचा हात थांबला. “यातलं पहिलं आमच्या ह्यांना दिलं होतं. चार महिने छान हिंडले-फिरले.”

“आणि मग?”

“मग बोळ सापडला असणार,” ती म्हणाली आणि पुढचं घर भरलं.

सोमवारी सकाळी तिने निळा रंग घातला. पेशी जिवंत असली की तो गुलाबी होतो. दुपारी प्लेट गुलाबी झाली होती. एकेकट्या औषधांची घरंसुद्धा. जोडीची तिन्ही घरं मात्र ढिम्म निळी. गणित्या स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला.

“मॅडमना बोलावतो.”

“बोलाव. आणि तुझ्या जाळ्याला बजावून ठेव, काठ माझा.”

तो हसत पळाला. ताईलाही हसू आलं, आणि ह्यांची फार आठवण आली. जोडीतल्या त्या दोन औषधांच्या बाटल्या इतकी वर्षं वेगवेगळ्या फळ्यांवर असायच्या. तिने एक रिकामी डबी पुसली आणि दोन्ही बाटल्या तिच्यात शेजारी शेजारी ठेवल्या.