शारदाबाईंचा दुसरा गिअर

“आबा, डिफरन्शियल इतना टाइट मत करो, गाड़ी पीछे से घूम जाएगी!” नात क्षमा ओरडली.

“फिरू दे न पोरी,” म्हणत शालिग्रामजींनी मोटारशर्यतीच्या खेळातला पडद्यावरचा काटा आणखी उजवीकडे सरकवला.

डिफरन्शियल म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांत समेट घडवणारा पंच. त्याला जखडलं की दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरायचा हट्ट धरतात, टायर किंचाळतात आणि गाडी शेपूट फिरवते. शर्यत जिंकायची तर हा पंच बेतानं आवळावा, हे नातीनं त्यांना समजावलं होतं. पण शालिग्रामजींना जिंकायचं नव्हतंच. उभी हयात रेल्वेच्या कचेरीत गेलेली. कोणाच्या पुढे जायची सवय त्यांना नोकरीनं लागूच दिली नव्हती.

त्यांना हवं होतं बायकोचं, शारदाबाईंचं, एक खेकसणं.

रायपूरच्या चौबे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं: त्यांची जुनी गाडी शालिग्रामजी हातांनी चालवत आणि शारदाबाई डाव्या सीटवरून तोंडानं. “रिक्षा हाय!” “हॉर्न द्या न!” “कुठं आग लागली का?” सदर बाजारातून गाडी सुखरूप निघे, ती बहुधा तोंडामुळेच. मग बाईंची नजर गेली. “दिसत नाही, तं कायले येऊ?” म्हणून त्या घरी बसल्या. गाडी विकली गेली. रायपूर राजधानी झालं, रस्ते ऐसपैस झाले आणि शारदाबाईंचं बोलणं तेवढं आखूड होत होत ‘हव’वर, म्हणजे नुसत्या ‘हो’वर, येऊन थांबलं. जेवली का? हव. बरं वाटते का? हव.

त्या जुन्या गाडीचा दुसरा गिअर चढावर कण्हायचा. आज दुपारभर शालिग्रामजी त्या कण्हण्याच्या मागे होते. पडद्यावरच्या झगझगीत गाडीचा दुसरा गिअर त्यांनी इतका लांबवला, की चढ लागताच इंजिनाला दम लागावा.

“अच्छी-खासी गाड़ी को बीमार कर दिया आपने,” क्षमा म्हणाली.

“आता कशी घरची वाटते!”

त्यांनी शारदाबाईंची खुर्ची आपल्या डाव्या हाताला ओढली. हा खेळ आहे हे बाईंना ठाऊक होतं. नजर गेली होती, अक्कल नाही.

शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या भुर्रकन पुढे गेल्या. चढावर दुसरा गिअर कण्हला. शारदाबाईंनी मान वर केली. वळण आलं, टायर किंचाळले, गाडीचा मागचा भाग लचकला. बाईंचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसला.

“अहो, हळू न! समोर गाय हाय!”

शालिग्रामजींनी करकचून ब्रेक दाबला. परदेशातल्या त्या गुळगुळीत रस्त्यावर गाय सोडा, शेणाचा ठिपकाही नव्हता.

“आबा, रुक क्यों गए? सब निकल गए!”

“निघू दे. गाय हाय न.”

क्षमानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे.

“गेली का?” शारदाबाईंनी विचारलं.

“जाऊन राहिली,” शालिग्रामजी म्हणाले. ब्रेकवरचं बोट त्यांनी उचललं नाही.