बाहेर काही मांडायचे नाही

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुमच्या घराला चाके आहेत. आत ओटा आहे, पलंग आहे, खिडकीला पडदा आहे, आणि बाबांनी किल्ली फिरवली की स्वयंपाकघरासकट सगळे घर रस्त्याला लागते. दिसले? तशीच एक गाडी म्हणजे मी. इथे नेदरलँड्समध्ये मला कॅम्पर म्हणतात. आता माझे वय झाले आहे. दाराची बिजागरी कुरकुरते आणि पाऊस तिरका आला की मागच्या खिडकीतून पाणी झिरपते.

माझे पहिले मालक एक डच आजी-आजोबा होते. त्यांनी मला डोंगर दाखवले, माझे पुष्कळ लाड केले. पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि मी एका शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी उभी राहिले. कोणी येईना. वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. पहिल्या हिवाळ्यात वाटले. नंतर काहीच वाटेनासे झाले.

मग नीउ-व्हेनेप गावात राहणाऱ्या कुशलने मला विकत घेतले. तो मूळचा पुण्याचा. त्याची बायको ऋजुता हिने मला कुंकू लावले, हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवले. जुन्या मालकांचा मुलगा बघतच राहिला.

"लिंबू कशाला?" त्याने विचारले.

"ब्रेक चांगले राहतात," कुशलने गंभीर चेहऱ्याने सांगितले.

त्यानंतर कुशलचे वडील पुण्यात वारले आणि त्याच्या आई, सरलाआजी, इकडे राहायला आल्या. त्या रडत नसत, रागावत नसत. पुढे ठेवलेले जेवत. घरात त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. मला त्यांचे नवल वाटले नाही. शेडमध्ये मीही अशीच होते.

एका शनिवारी सगळे माझ्यातून समुद्रावर गेले. वाळूच्या टेकड्यांमागे मी उभी होते, पलीकडे लाटा चालू होत्या, आणि आजी चक्क पडद्यावर ऊन येईपर्यंत झोपल्या. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही तिथेच जाऊ लागलो. आठवड्यातली ती एकच झोप त्यांना मिळे.

त्या गावात पूर्वी कोणीही कुठेही गाडी लावी. मग माझ्यासारख्या गाड्या वाढल्या. खुर्च्या, तंबू, शेगड्या बाहेर आल्या. कोणी तरी संडासाचे पाणी टेकडीवरच ओतले. गावकरी चिडले. मित्रांनो, मला त्यांना नावे ठेवता येत नाहीत. शेवटी नगरपालिकेने पाटी लावली: कॅम्परने रात्रभर उभे राहावे, पण गाडीबाहेर काही मांडायचे नाही. शेजारच्या गावांत तर तेवढीही मुभा नव्हती.

मागच्या शनिवारी संध्याकाळी कुशल आत चहा करत होता. आजी जागेवरून उठल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून रांगोळीचा डबा काढला. कुशलचे वडील गेल्यापासून तो उघडला नव्हता. हळूहळू पायरी उतरून त्या खाली बसल्या आणि माझ्या दारापुढे त्यांनी ठिपके घातले, रेघा जोडल्या. ऋजुताने ओठांवर बोट ठेवून कुशलला गप्प बसवले.

तेवढ्यात सायकलवरून नगरपालिकेचा अधिकारी आला. त्याने वाकून रांगोळी पाहिली आणि तो डचमध्ये बोलू लागला. नऊ वर्षांची गुंजन, कुशलची मुलगी, आजीला सांगू लागली.

"आजी, तो म्हणतो, खूप मोय आहे. म्हणजे छान. पण दार आहे, दारापुढे अंगण सजवलंय, मग हे घरच झालं. इथे नगरपालिकेच्या जागेत फक्त गाडी चालते. पुसलं तर राहा. नाहीतर जा."

"पावडर तर आहे," कुशल म्हणाला. "मी पाणी मारतो. दोन मिनिटांचं काम."

"दिवेलागणीला दारातली रांगोळी पुसणार?" ऋजुता म्हणाली. "इतक्या महिन्यांनी त्यांनी स्वतःहून काही केलंय, कुशल."

"मग घरी जाऊ? परत आठवडाभर जागरण? आसपासचे सगळे कॅम्पिंग फुल आहेत, मी अ‍ॅपवर पाहिलंय."

"तुझ्या अ‍ॅपवर माणसं असतात का रे?"

आजी आपल्या पांढऱ्या बोटांकडे बघत बसल्या. अधिकारीही गेला नाही. पुसायला सांगणे त्यालाही आवडले नसावे.

मित्रांनो, तुम्ही कधी कोणाच्या गावी उतरलात, तर जागा होती तशी ठेवून निघा. एकाने केलेली घाण पुढच्या सगळ्यांच्या वाट्याला येते. आणि तुमच्या घरात कोणी गप्प गप्प असेल, तर त्याला काही वाटत नाही असे समजू नका.

कुशलने पाण्याची बाटली उघडली. गुंजनने ती त्याच्या हातातून घेतली आणि झाकण परत लावले. मग ती रस्ता ओलांडून समोरच्या शेतघराकडे चालू लागली. ऋजुता तिच्या मागे दोन पावले गेली आणि थांबली. गुंजनने बेल दाबली. मोज्यांतच एक शेतकरीण बाहेर आली. वारा माझ्याकडे होता, म्हणून मला ऐकू आले. गुंजन डचमध्ये म्हणाली, "माझ्या आजीला झोपायला जागा हवी आहे. गाडीसकट. आणि दारापुढे थोडी जमीनही लागेल."