पिरिडीनचा वास

निलम्माअक्कांनी गुलबर्ग्यात मला खोली दिली तेव्हा एकच अट घातली: घरात मांसमच्छी चालणार नाही. मी चिंताकी गावचा, बौद्ध घरातला. अट ऐकून डोकं तापलं, पण प्रयोगशाळेजवळ दुसरी खोली नव्हती. शब्द दिला आणि पाळलाही. सहा महिन्यांत अंडंसुद्धा शिवलो नाही.

तरी १९८६ च्या श्रावणात एका सकाळी अक्का दारात उभ्या.

"माणिक, तुझ्या सदऱ्याला मासळीचा वास यायलाय. शेजारची चन्नव्वा कवाची बोलायलीय. कामून खोटं बोललास? महिनाअखेर खोली सोड."

हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! प्रबंधाची मोजमापं निम्म्यावर होती. खोली गेली की तीही गेली. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. अक्कांनी आधी ठरवलं, विचारलं नाहीच.

"अक्का, ती मासळी न्हाई, पिरिडीन हाय, प्रयोगशाळेतलं रसायन. चला माझ्यासंगं."

त्या प्रयोगशाळेत आल्या, पदर नाकाला लावूनच. मी जिओलाइटची नखाएवढी पांढरी चकती दाखवली.

"हा दगड आतून आंबट हाय. पण जिभेला कळत न्हाई. म्हणून याला पिरिडीनची वाफ द्यायची. आंबट जागेला ती चिकटून बसती. वरवर बसलेली तापवून काढायची, अन् मग अवरक्त प्रकाश सोडायचा. ही रेघ बघा, पंधराशे पंचेचाळीसपाशी खाली आलीय. आंबटपणा हितंच हाय. जितकी खोल, तितका जास्त."

अक्कांना आकड्याचं काय! मी बाटलीचं बूच जरासं सैल केलं. त्या दोन पावलं मागे सरल्या.

"अय्यो शिवा! ह्योच वास!" निघताना एवढंच म्हणाल्या, "मी आधी इचारायचं हुतं, तमा."

मला तमा, म्हणजे धाकटा भाऊ, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. माझा राग तिथेच निवला.

संध्याकाळी घरी आलो तर अक्कांनी धुतलेले माझे बाकीचे सदरे दोरीवर वाळत होते. चन्नव्वा कुंपणाशी नाक मुरडून उभी होती.

"निलम्मा, आता तर तुझ्या हातालाबी मासळीचा वास यायलाय गं!"

आता अक्का खुलासा देणार, पिरिडीनचं नाव अडखळत घेणार, म्हणून मी थांबलो. अक्कांनी हात हुंगून बघितला.

"व्हय," त्या म्हणाल्या, "माझ्याच घरचा हाय."